जुन्या लाँचच्या केबिनचें अस्तर



भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतींत राहणाऱ्यांना समुद्राचा शेजार दोन बाजूंनीं आहे. उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस उत्तन, पाली, चौक येथील कोळीवाडे. फेब्रुवारी २०२४ मध्यें खाडीवर भाईंदर-वसई रो-रो बोटही सुरू झाली. तेव्हां नौकांचा विषय आपणांस परका नाहीं. परंतु नौकेचा जो भाग उतारूच्या डोळ्यांसमोर सतत असतो आणि दुरुस्तीच्या वेळीं ज्याचा विचार सर्वांत शेवटीं होतो, त्याविषयीं मी आज बोलणार आहें. तो भाग म्हणजे जुन्या लांकडी मोटर-लाँचच्या केबिनचें आंतलें अस्तर.

हें अस्तर बहुधा रेक्झीनचें असतें. रेक्झीन हें नांव मूळचें एका इंग्रज कारखान्याच्या कापडाचें. त्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे. आज आपण ज्याला रेक्झीन म्हणतों तें बहुतेक विनाइलचा लेप दिलेलें कापड असतें. त्याच्या पाठीमागें फोमचा पातळ थर, त्यामागें प्लायवूडचा तक्ता आणि त्याच्याही मागें नौकेच्या वांकांना ठोकलेल्या फळ्या, अशी ही रचना असते. कांहीं वर्षांनीं अस्तर फुगतें, लोंबूं लागतें, त्यावर काळे ठिपके येतात, आणि हात लावतांच आंतून फोमचा भुगा गळतो. मालकाला वाटतें, गोंद सुटला. पुन्हा चिकटवूं म्हणजे झालें. येथेंच घोटाळा होतो. गोंद सुटणें हें लक्षण आहे. रोग निराळा आहे.

तो रोग म्हणजे ओल. ती तीन वाटांनीं येते. पहिली वाट वरून. छताच्या सांध्यांतून आणि खिडक्यांच्या चौकटींतून पावसाचें पाणी झिरपतें. लांकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षां गोड्या पाण्यांत अधिक फोफावते. म्हणूनच पूर्वीं कित्येक देशांतील जहाजबांधणारे वांकांच्या मधल्या पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरीत असत. नौका बहुधा खालून कुजत नाहीं, वरून कुजते, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी वाट हवेंतून. केबिनमधील उबदार, दमट हवा पाण्याला टेकलेल्या थंड फळ्यांना लागली कीं तिच्यांतील बाष्पाचें दंव होतें. तें अस्तराच्या मागें, कोणाला दिसणार नाहीं अशा जागीं, सांचून राहतें.

तिसरी वाट मिठाची. भाईंदरच्या मिठागरांशेजारीं राहणाऱ्यांना ठाऊक आहे कीं पावसाळ्यांत उघडें मीठ पाझरतें. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ हवेंतील पाणी ओढून घेऊं लागतें, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत ती त्याहून जास्त असणें हें नित्याचेंच. खाऱ्या तुषारांनीं माखलेलें अस्तर म्हणूनच कितीही वारा दिला तरी त्या दिवसांत कोरडें होत नाहीं. मागच्या पोलादी चुका त्यामुळें गंजतात.

आतां दुरुस्तीचा क्रम पाहूं. प्रथम कडेच्या लांकडी पट्ट्या जपून काढाव्या व प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक घालावा. जुनें अस्तर फाडून फेंकूं नये. नवें बेतण्यास तोच नमुना. मग तक्ते उतरवून मागच्या फळ्या व वांक टोकदार आरीनें टोंचून पाहावे. आरी सहज आंत गेली, किंवा ठोकल्यावर भद्द आवाज आला, तर तेथें अस्तर लावणाऱ्याचें काम थांबतें व सुताराचें सुरू होतें. हें काम टाळून वर सुंदर कापड चढविणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधण्यासारखें आहे. आणि येथें प्रश्न शोभेचा नसून भर खाडींत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे.

गळती बंद झाल्यावर आंतील सर्व भाग गोड्या पाण्यानें पुसून मीठ काढावें व लांकूड वाळूं द्यावें. लांकडांतील ओलावा शेंकडा २० च्या खालीं राहिला तर कुजविणाऱ्या बुरशीला सहसा वाढतां येत नाहीं. तक्ते बदलावयाचे असल्यास ‘आय. एस. ७१०’ असा शिक्का असलेलें मरीन प्लायवूड घ्यावें. त्याचा जोड ७२ तास उकळत्या पाण्यांत टिकावा लागतो. फोम असा घ्यावा कीं ज्याचीं छिद्रें बंद असतात. साधा फोम स्पंजाप्रमाणें पाणी पितो. चुका व स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे असावे.

चिकटवितांना गोंद दोन्ही पृष्ठभागांस लावून, बोटाला चिकटेनासा झाला म्हणजे मगच ते जोडावे, आणि मधून कडांकडे दाबत जावें. हा गोंद वाळतांना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असेल तर त्यावर दंव धरतें व जोड कच्चा राहतो. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून किनाऱ्यावर दुरुस्तीचा हंगाम तोच. सुतारकाम तेव्हां खुशाल करावें. अस्तराचें काम मात्र पावसापूर्वीं किंवा पाऊस सरल्यावर उघडिपींत करावें. गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून दारें उघडीं ठेवावीं. जवळ विडी, स्टोव्ह वा चालूं इंजिन नसावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तक्ते फळ्यांना थेट चिकटवूं नयेत. मध्यें पट्ट्या देऊन बोटभर पोकळी ठेवावी, वर-खालीं हवेला वाट द्यावी, आणि तक्ते स्क्रूनें बसवावे, म्हणजे दर वर्षीं काढून मागें पाहतां येईल.

मुंबईच्या गोदींत वाडियांनीं सागवानाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें आजही पाहावयास मिळतें. सागवान दोनशें वर्षें टिकूं शकतें, पण त्याची निगा राखणारे हात लागतात, आणि त्या हातांना तें दिसावें लागतें. ज्यांच्याजवळ लाँच नाहीं त्यांनींही एवढें लक्षांत ठेवावें. घराच्या ओल्या भिंतीवर कागद किंवा तक्ते चढविण्यापूर्वीं ओल कोठून येते तें शोधावें, आणि मगच रंग व नक्षी निवडावी.