पाळी लांबते तेव्हा

मासिक पाळी २८ दिवसांनी येते, असे पुस्तकात वाचल्यावर पुष्कळ मुली कॅलेंडरवर खुणा करू लागतात आणि तिसावा दिवस उजाडला की घाबरून जातात. मैत्रिणींनो, २८ ही सरासरी आहे, नियम नव्हे. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक समजतात. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर ४५ दिवसांचे अंतरही नेहमीचेच. (मित्रांनो, पाने उलटू नका. हे तुम्हालाही ठाऊक असलेले बरे.)

असे का होते? या चक्राचे दोन भाग पाडून पाहू. पहिल्या भागात बीजांडकोशात बीजांड पक्व होऊन बाहेर पडते. दुसऱ्या भागात गर्भाशयाचे अस्तर गर्भाची वाट पाहते आणि गर्भ न राहिल्यास गळून पडते. हीच पाळी. गंमत अशी, की दुसरा भाग बहुधा १४ दिवसांच्या आसपास असतो. लांबतो तो पहिला. पाळी ४० व्या दिवशी आली, तर बीजांड साधारण २६ व्या दिवशी सुटले असणार. लहान वयात कित्येकदा ते सुटतही नाही. बीजांड पक्व करण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. परीक्षेचा ताण, आजारपण, कडक उपवास, एकदम घटलेले वजन यांमुळे हा हुकूमच रेंगाळतो.

अर्थात गर्भधारणा हेही एक कारण आहे. मात्र एका बाकावर बसून, हात धरून, चुंबनाने किंवा दुसऱ्याचा टॉवेल वापरून गर्भ राहत नाही. त्यासाठी शुक्राणू योनिमार्गात पोचावे लागतात. शरीरसंबंध आला असेल, तर तर्क करीत न बसता चाचणी करावी.

गर्भ रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक स्रवतात व ते लघवीत उतरते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक ते ओळखण्यासाठी लघवी उंदरांना टोचून त्यांचे बीजांडकोश तपासत. आज औषधाच्या दुकानातली पट्टी पुरते. दिव्याच्या वातीत तेल चढते तशी लघवी पट्टीत चढते. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना प्रतिद्रव्ये चिकटवलेली असतात. इतक्या बारीक कणांचे सोने पिवळे नव्हे, तांबडे दिसते. फॅरेडेने १८५७ साली अशाच तांबड्या द्रवाविषयी व्याख्यान दिले होते. एचसीजी असेल, तर ते कण एका ठरावीक जागी अडकून रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालली एवढेच सांगते.

सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते. दोन दिवस धरले, तरी आठ दिवसांत सोळापट! म्हणून फार लवकर केलेली चाचणी फसवते. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी भरवशाची.

‘सुरक्षित दिवस’ मोजणाऱ्यांचे गणितही त्या लांबणाऱ्या पहिल्या भागामुळेच चुकते, शिवाय शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. निरोध नीट वापरल्यास गर्भ टळतो आणि रोगांपासूनही बचाव होतो. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीजांड सुटणे पुढे ढकलते, त्यामुळे पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते. रुजलेला गर्भ तिने पडत नाही. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, हे मला नेहमीच फार सूचक वाटते.

पपई, काढे किंवा कोणी हळूच आणून दिलेल्या ‘पाळी आणणाऱ्या’ गोळ्या यांच्या नादी लागू नका. गर्भ कधीकधी बीजवाहिनीतच रुजतो. ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ आणि चक्कर आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तिथे जीव जाण्याचा धोका असतो. गर्भपात १९७१ च्या कायद्याच्या चौकटीत डॉक्टरांकडून करून घेता येतो, पण १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. तेव्हा आईला, मावशीला लवकर सांगावे. जबरदस्ती झाली असेल, तर १०९८ हा दूरध्वनी आहे. आणि गर्भ नसूनही तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात अनेक सरकारी रुग्णालयांत तुमच्या वयासाठी वेगळी केंद्रे आहेत.