कुमारांचा कुठला काळ तुमचा?

उज्जैनहून देवास तसे जवळच, चाळीस किलोमीटरही नाही. पण उज्जैनमधल्या एखाद्या मराठी घरात चहाला बसलात आणि कुमार गंधर्वांचा विषय निघाला, तर देवासची बस चुकलीच म्हणून समजा. या घरांचा मुक्काम तिथे पेशवाईपासूनचा. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, तेव्हापासून क्षिप्राकाठी मराठी बोलले जाते. त्या मराठीत ‘अपन चलेंगे’चा हेल आला आहे, जसा आपल्या मराठीत ‘बा की, कूत को की’चा आला आहे. सीमेवरच्या माणसाला तिथे परके वाटत नाही ते त्यामुळेच.

अशाच एका घरी, लग्नाच्या निमित्ताने जमलेल्या पाहुण्यांत वाद रंगला. वाद असा, की कुमारांचा सगळ्यात चांगला काळ कुठला? यजमान काका म्हणाले, निर्गुणी भजनांचा. त्यांचे व्याही म्हणाले, छे, आजाराआधीचा, त्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐका. एक काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘अहो, मराठी गाणी विसरलात का?’ आणि आमच्या बेळगावकडच्या आत्याबाईंनी एका वाक्यात सगळ्यांना गप्प केले : ‘अंव नम्म हुडुग री! आमचा पोरगा तो. तुम्ही कसले काळ वाटून घेताय?’

आत्याबाई चुकीचे काही बोलल्या नाहीत. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ यांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घर लिंगायत, बोली कन्नड. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी एका मठाच्या स्वामींनी दिली, तेव्हा पोर जेमतेम सात-आठ वर्षांचे होते. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकणे, मराठीत लिहिणे-बोलणे, हिंदी मुलखात घर करणे हे सगळे नंतरचे. आज बेळगावात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. तिथे नाटक बघायला जाणाऱ्या किती मुलांना ते नाव कुणाचे हे ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

आता व्याह्यांचा काळ घेऊ. लहानपणी हा मुलगा बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गात असे. खटका तोच, ठेहराव तोच. लोक थक्क होत आणि पैसे देत. आपल्याकडे अशा मुलांना नाटक कंपनीत नाहीतर जत्रेत फिरवून संपवून टाकण्याची रीत होती. देवधर मास्तरांचे मोठेपण हे, की त्यांनी या पोराला नकलेतून बाहेर काढले. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, पण एकाच घराण्याच्या खुंट्याला बांधून घेणारे नव्हते. त्यांच्या शाळेत सगळ्या तऱ्हेचे गाणे कानावर पडे. पुढे अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना शिकायला मिळाले. विशीतला कुमार ऐका. आवाज चपळ, तान झर्रकन वर जाऊन खाली येणारी, आत्मविश्वास भरपूर. व्याह्यांना हे आवडते याचे नवल नाही. मला मात्र त्या गाण्यात हुशारी जास्त आणि गरज कमी ऐकू येते. हे माझे मत. व्याह्यांनी ते मानले नाही.

मग 1947 आले. भानुमती कंस या गायिकेशी लग्न झाले आणि पाठोपाठ क्षयाचे निदान. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जा, असे सांगण्यात आले. 30 जानेवारी 1948 रोजी हे जोडपे देवासला पोचले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. चोविसाव्या वर्षी, देशभर नाव झालेल्या गवयाने अंथरुणावर पडून छताकडे बघायचे! भानुमतीबाई शिक्षिकेची नोकरी करून घर चालवत आणि रोग्याची सेवाही करत. पुढे स्ट्रेप्टोमायसिन भारतात मिळू लागले आणि जीव वाचला. एक फुफ्फुस मात्र कामातून गेले ते गेलेच.

या पाच-सहा वर्षांना कुणी ‘काळ’ म्हणत नाही, कारण त्यात एकही मैफल नाही, एकही तबकडी नाही. माझ्या लेखी मात्र सगळ्यात महत्त्वाची वर्षे हीच. गाता येत नव्हते, पण कान बंद करायला डॉक्टरांनी सांगितले नव्हते. घराबाहेरून माळव्यातल्या बायका गात जात. लग्नाची गाणी, पाळण्याची गाणी, पावसाची गाणी. पितृपंधरवड्यात तिकडे मुली भिंतीवर शेणाची ‘संजा’ काढून तिच्यापुढे गातात. आपल्याकडचा हादगा आठवा, किंवा भाद्रपदात टोपलीतून जोकुमार घेऊन दारोदारी येणाऱ्या बायकांची पदे. ज्या घरात आजी जात्यावर बसून ‘बीसुकल्लिन पद’ म्हणत असे आणि शेजारीण ओवी, त्या घरातल्या माणसाला कळेल, की ही गाणी चार-पाच स्वरांतच फिरतात. त्या चार-पाच स्वरांत गवयाला काय सापडणार?

कुमारांना राग सापडले. त्यांचे म्हणणे असे, की राग कुणी बसून तयार करत नाही. तो लोकधुनेत आधीच दडलेला असतो, गवयाने तो ओळखायचा असतो. अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ राग म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा ही त्यांतली काही नावे. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हे त्यांच्या बंदिशींचे पुस्तक आले. जुन्या जाणकारांना हे रुचले असे नाही. घराणे सोडले, विलंबित ख्याल नीट भरत नाहीत, मध्येच थांबतात, असे आक्षेप घेतले गेले. काहींनी तर सरळ म्हटले, की दम पुरत नाही म्हणून तुकड्या-तुकड्यांनी गातात.

उज्जैनच्या वादातही ही गोष्ट निघालीच. काकांचा एक पुतण्या डॉक्टर आहे. तो म्हणाला, एका फुफ्फुसावर लांब श्वास कसा घेणार? छोटी तान आणि मोठी विश्रांती, एवढेच शरीराला जमते. त्यावर काका म्हणाले, ‘एक फुफ्फुस असलेले रोगी हजारो होते, बाळा. त्यांतला एकच असा गायला.’ दोघेही बरोबर आहेत असे मला वाटते. शरीराने कुंपण घातले हे खरे. पण ओळ फेकायची, मध्येच सोडून द्यायची आणि त्या रिकाम्या जागेत तंबोऱ्यालाच गाऊ द्यायचे, हे सुचायला नुसता आजार पुरत नाही. तंबोरे जुळवायला कुमार केवढा वेळ घेत, हे त्यांच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. जो गाताना थांबणार आहे, त्याला तंबोरा चोख लागणारच.

1953 मध्ये कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे म्हणजे नुसता पूर. ऋतूंवरचे ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे कार्यक्रम, माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम, 1965 चा ‘मला उमजलेले बालगंधर्व’, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेला गांधी मल्हार, सूर-कबीर-मीरेची ‘त्रिवेणी’. याच पुरात 1961 साल येते. दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई गेल्या. ज्यांच्या नोकरीवर ते मौनाचे दिवस निघाले, त्यांना पुढचे वैभव फार थोडे दिसले. देवासच्या टेकडीखालच्या घराचे नाव ‘भानुकुल’ आहे. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी लग्न केले. त्या स्वतः तयारीच्या गायिका, पण अनेक वर्षे लोकांनी त्यांना कुमारांच्या शेजारी बसलेल्याच पाहिले. निर्गुणी भजनांत तो दुसरा आवाज काढून टाका आणि मग ऐका. भजन अर्धे होते. 2015 साली त्या देवासलाच वारल्या.

काकूंच्या मराठी गाण्यांवर पुरुषमंडळी हसली, ते मला आवडले नाही. ‘देव दीनाघरी धावला’ नाटकातली बाळ कोल्हटकरांची भूपाळी आणि वाणी जयराम यांच्याबरोबरचे ऋणानुबंधाचे गाणे सीमाभागात रेडिओवर किती पहाटे आणि किती रात्री वाजले असेल! अनिलांची रुसव्याची कविता, भा. रा. तांब्यांच्या कवितांचा कार्यक्रम, तुकोबांचे अभंग. ज्याची बोली कन्नड, त्याच्या तोंडून मराठी कविता अशी आली, की शब्दाशब्दाचे वजन कळते. आपल्याला ही भाषा जन्मतःच मिळाली म्हणून आपण ती सैल सोडतो. त्यांनी ती कमावली होती.

आणि निर्गुणी भजने? देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथी साधूंचे गाणे कुमारांनी तिथे ऐकले. गोसावी गळा लावत नाही, आवाज आरपार फेकतो, समोर कुणी ऐकते आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. ते फेकणे कुमारांनी उचलले आणि कबीर घराघरांत पोचवला. काका म्हणाले, उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर आजही एखादा जोगी तसे गाताना भेटतो, पण कुमार ऐकल्यावरच आपण त्याच्याकडे वळून बघायला लागलो. एकट्याने उडून जाणाऱ्या हंसाचे ते भजन काकांच्या वडिलांच्या तेराव्याला लावले होते. त्यावर कुणी वाद घातला नाही.

कालिदासाने मेघाला सांगितले होते, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनीवरून जा. सुळेभावीच्या पोराची वाटही मुंबईवरून वाकडी होऊन माळव्यातच गेली आणि 12 जानेवारी 1992 ला देवासलाच थांबली. मुकुल शिवपुत्र, कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश हे पुढे गात राहिले.

जेवणे झाल्यावर काकांनी जुना टेप काढला. कॅसेट लावण्यावरून परत भांडण, आधी कुठली? शेवटी आत्याबाईंनी डोळे मिटून हाताला येईल ती उचलली. निघाली वर्षा ऋतूची. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत पाऊस. व्याही पाच मिनिटे गप्प होते. मग हळूच म्हणाले, ‘हे कुठल्या सालचे?’ कव्हर हरवले होते, त्यामुळे कुणालाच सांगता आले नाही.