पदार्थविज्ञान : चिकित्सक बुद्धीचा पहिला पाठ

मराठीत 'चिकित्सक' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. रोग्याची चिकित्सा करणारा तो चिकित्सक, आणि कोणतेही विधान पारखून घेतल्याखेरीज न स्वीकारणारा तोही चिकित्सकच. वैद्याच्या ठिकाणी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदावेत अशी अपेक्षा असते. पहिला अर्थ पदवीने प्राप्त होतो; दुसरा कशाने प्राप्त होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाविद्यालयीन शिक्षणात विशिष्ट विद्याशाखेबरोबर विचारशक्ती घडविणारे सामान्य शिक्षणही असावे, हा विचार गेल्या शतकात दृढ झाला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये सर्व विद्यार्थ्यांसाठी तसा सामायिक अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सामान्य शिक्षणाची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही चिकित्सक विचारावर भर दिला. आयुर्वेद महाविद्यालयात असा अभ्यासक्रम बाहेरून आणण्याची गरज नाही. पदार्थविज्ञान हा विषय तेच कार्य करण्यासाठी आहे. २०२२ च्या नियमावलीनुसारही तो प्रथम व्यावसायिक वर्षातच शिकविला जातो. प्रश्न आहे तो आपण तो कसा शिकवितो हा.

संहितेतील विचारशिक्षण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. त्याच ठिकाणी प्रत्यक्षाच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. वस्तू अति जवळ असणे, अति दूर असणे, आवरण, इंद्रियांचे दौर्बल्य, मन अन्यत्र असणे, सारख्या वस्तूंत मिसळणे, अधिक प्रबळ वस्तूने झाकले जाणे आणि अति सूक्ष्मता या आठ कारणांनी समोर असलेलेही दिसत नाही. गर्दीच्या वेळी दवाखान्यात बसणाऱ्या वैद्याने यांपैकी 'मन अन्यत्र असणे' हे कारण विशेष लक्षात ठेवावे.

दहाव्या अध्यायातील मैत्रेय आणि आत्रेय यांचा संवाद तर आजच्या कोणत्याही वर्गात चर्चेला घ्यावा असा आहे. मैत्रेय विचारतो, चिकित्सा मिळालेले काही रुग्ण बरे होतात, काही मरतात. न मिळालेल्यांचेही तसेच होते. मग चिकित्सेचा उपयोग तो काय? आत्रेय या प्रश्नावर रागावत नाहीत. पडलेला मनुष्य स्वतः उठू शकत असला, तरी कोणी हात दिल्यास तो लवकर व विनासायास उठतो, असा दृष्टांत ते देतात आणि साध्यासाध्य विवेकाकडे वळतात. गुरूसमोर चिकित्सेच्या मुळावरच शंका घेणाऱ्या शिष्याला संहितेत स्थान आहे, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

व्याख्या पाठ, विचार अपुरा

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अहेतूचे, म्हणजे सदोष हेतूचे, तीन प्रकार आले आहेत. त्यांपैकी संशयसम म्हणजे जे संशयाचे कारण, तेच संशय दूर करणारे प्रमाण म्हणून पुढे करणे. एखादा मनुष्य आयुर्वेदाचा काही भाग सांगतो. त्यावरून तो चिकित्सक असेल की नसेल असा संशय येतो. अशा वेळी, आयुर्वेदाचा काही भाग सांगतो म्हणूनच तो चिकित्सक आहे, असे म्हणणे म्हणजे संशयसम.

ही व्याख्या उदाहरणासह मी प्रथम वर्षाच्या परीक्षेत लिहिली होती आणि चांगले गुणही मिळविले होते. पुढे व्यवसायात पडल्यावर एका सायंकाळी चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ छातीत व पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते म्हणून आले. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह होता. जळजळ आहे म्हणून अम्लपित्त, असा निर्णय करून मी सूतशेखर व कामदुधा दिले. तासाभराने थोडे बरे वाटल्याचा निरोप आला. त्यामुळे निदान बरोबर असल्याची माझी खात्रीच झाली. मध्यरात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ई.सी.जी.मध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. ते वाचले, परंतु हृदयाची शक्ती कायमची उणावली.

जळजळ अम्लपित्तात असते, तशी हृद्रोगातही असू शकते. मधुमेही रुग्णात तर वेदना अस्पष्ट असण्याचा संभव अधिक. म्हणजे ते लक्षण संशयाचे कारण होते. मी त्यालाच निर्णयाचे प्रमाण केले. औषधानंतर बरे वाटले म्हणजे औषधानेच बरे वाटले, हा दुसरा दोष. मैत्रेयाची शंका मी त्या वेळी स्वतःला विचारली असती, तर रुग्णाला तत्काळ ई.सी.जी.साठी पाठविले असते. संशयसमाची व्याख्या मला पाठ होती; तो ओळखण्याचा सराव मात्र नव्हता.

काय करता येईल

प्रथम वर्षाचा विद्यार्थी रुग्णतपासणी करीत नाही, परंतु रुग्णपत्रिका वाचू शकतो. अध्यापकांनी एक पत्रिका द्यावी आणि तिच्यातील प्रत्येक विधानापुढे ते प्रत्यक्ष आहे, अनुमान आहे की केवळ ऐकीव, हे लिहावयास सांगावे. अनुमान असल्यास त्याचा हेतू कोणता आणि तोच हेतू अन्य कोणत्या व्याधीत आढळतो, हे विचारावे. परीक्षेत 'संशयसमाची व्याख्या लिहा' याऐवजी 'खालील निदानात कोणता दोष आहे ते सकारण सांगा' असा प्रश्न यावा. वृत्तपत्रातील औषधाची एखादी जाहिरातही या अभ्यासास पुरेशी आहे.

व्यावसायिक वैद्यांसाठी आचार्यांनी तद्विद्यसंभाषा सांगितली आहे. आपल्या मासिक बैठकांत यशस्वी रुग्णांची वर्णने आपण आवडीने ऐकतो. त्यांबरोबर प्रत्येक बैठकीत एक चुकलेले निदानही मांडले जावे, आणि ते जल्प वा वितंडा न होता संधाय संभाषेच्या रीतीने, म्हणजे परस्परांचा मान राखून तपासले जावे. सांगणाऱ्यास संकोच वाटेल, हे मी अनुभवाने जाणतो. परंतु ज्येष्ठांनी आरंभ केल्यास तरुण वैद्यांची भीड चेपेल.

रुग्ण आपल्याकडे येतो तो 'चिकित्सक' या शब्दाच्या पहिल्या अर्थावर विश्वास ठेवून. त्याचे रक्षण पुष्कळदा दुसऱ्या अर्थाने होते. तो अर्थ शिकविण्याचे स्थान प्रथम वर्षाच्या वर्गातच आहे, आणि त्याची साधने आपल्याच संहितेत आहेत.