नऊ महिन्यांचं मन (लेखांक ५) : ‘आनंदी राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

दिवस गेल्याचं कळलं की सल्ल्यांना सुरुवात होते. जड उचलू नकोस, पपई खाऊ नकोस आणि शेवटी हमखास, ‘आनंदी राहा हं, बाळावर परिणाम होतो.’ पपईचं पथ्य पाळता येतं. आनंदाचं कसं पाळायचं, ते कुणी सांगत नाही. मग एखाद्या संध्याकाळी रडू फुटलं की चिंता दुप्पट होते: एक मूळची आणि दुसरी, आपल्या रडण्याने बाळाचं काही बिघडलं तर?

एका रडण्याने बिघडत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक निरोगी गरोदरपणातही वाढतंच आणि वारेतलं एक विकर त्यातलं बरंचसं बाळापर्यंत पोचण्याआधी निष्क्रिय करतं. लक्ष द्यायला हवं ते आठवडेच्या आठवडे न हटणाऱ्या ताणाकडे.

त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे मनातलं गिळून टाकणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची सूचना होती, तर काहींना तिच्याकडे तटस्थपणे, तांत्रिक नजरेने बघायला सांगितलं होतं. भाव लपवणाऱ्यांना किळस तेवढीच वाटली, शरीराची धडपड मात्र वाढली. नजर बदलणाऱ्यांना किळसच कमी वाटली. हा प्रयोग गरोदर बायकांवरचा नव्हता, पण ‘सुनेने तोंडातून अवाक्षर काढलं नाही’ याचं कौतुक करणाऱ्या घरांनी तो जरूर वाचावा.

नजर बदलणं शिकवता येतं का? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत संशोधक अतिफ रहमान यांनी ते करून दाखवलं. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’, म्हणजे साधारण आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या, नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन चित्रांच्या आधाराने तीन गोष्टी शिकवत: मनात येणारा घातक विचार ओळखणं, त्याच्या जागी उपयोगी विचार ठेवणं आणि त्याप्रमाणे वागून बघणं. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात 23 टक्के स्त्रियांना नैराश्य होतं, हे न शिकलेल्या तुलनेच्या गटात 53 टक्के.

पुढे हाच कार्यक्रम गोव्यात आला. ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात 280 गरोदर स्त्रिया होत्या. शिकवणाऱ्या होत्या वस्तीतल्याच बायका, त्यांना नाव दिलं ‘सखी’. 6 ते 14 भेटी, गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत. विचारांच्या धड्यांपेक्षा इथे भर होता छोट्या कृतींवर. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखीच्या गटातल्या 73 टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या 60 टक्के. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे रावळपिंडीइतकं यश नाही. तरीही शेजारणीने दिलेल्या मदतीसाठी हे थोडं नव्हे.

प्रत्यक्षात हे नजर बदलणं कसं होतं? नवऱ्याचा दिवसभर फोन नाही. ‘त्याला माझी पर्वाच नाही’ असं मनात येतं, छाती धडधडते. पहिली पायरी म्हणजे भावनेला नाव देणं: हा राग आहे की भीती? मग पुरावा तपासायचा. एरवी तो विचारतो का? आज त्याची कामाची पाळी दुहेरी होती का? शेवटी कृती: रात्री धुसफुसण्याऐवजी ‘दुपारी एक फोन करत जा’ असं स्पष्ट मागायचं. ऐकायला सोपं वाटतं. रागाच्या भरात मात्र सुचत नाही, म्हणून मन शांत असताना सराव करायचा.

दोन ठिकाणी हे कौशल्य वापरायचं नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर विचार तपासत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि घरात मारहाण होत असेल, तर बदल बाईच्या विचारात नाही, घरात व्हायला हवा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे रक्तदाबाबरोबर झोप उडाल्याचं, सतत रडू येत असल्याचंही सांगा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जीव नकोसा झाला असेल, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.