रक्तातील विकरांची तपासणी : अचूकतेची पारख

क्षयरोगाच्या औषधांचा रुग्णाच्या यकृतावर दुष्परिणाम होत आहे काय, हे मुख्यत्वे रक्तातील ‘एसजीपीटी’ या विकराच्या (एन्झाइमच्या) पातळीवरून कळते. लक्षणे नसली तरी ही पातळी सामान्य कमाल मर्यादेच्या पाचपटीपलीकडे गेल्यास औषधे थांबविली जातात. मर्यादा ४० युनिट धरली, तर निर्णयाची रेषा २०० वर येते. जयपूरच्या बनी पार्क भागातील एखाद्या रुग्णाची खरी पातळी १८० असताना प्रयोगशाळेने २१० नोंदविली, तर उपचार विनाकारण खंडित होतील. उलट घडल्यास यकृताची हानी चालूच राहील.

विकरांच्या बाबतीत अशी चूक सहज होते. येथे पदार्थाचे वजन नव्हे, तर त्याने घडविलेल्या रासायनिक क्रियेचा वेग मोजला जातो. हा वेग तापमानानुसार बदलतो. म्हणून आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतीत ३७ अंश सेल्सिअस तापमान निश्चित केले आहे. उपकरणाचे तापमान ढळले, रसायन जुने झाले किंवा नमुना उन्हात राहिला (जयपूरचा मे महिना येथे आठवावा), की आकडा फिरतो.

पडताळणीचा पहिला मार्ग अंतर्गत आहे. ज्ञात मूल्याचा नियंत्रण नमुना रोज तपासून त्याचे मूल्य लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये सुचविलेल्या आलेखावर मांडतात. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे मूल्य गेल्यास त्या दिवशीचे निष्कर्ष रोखले जातात. परंतु ही सरासरी प्रयोगशाळेनेच ठरविलेली असली, तर रोज सारखीच होणारी चूक आलेखावर दिसत नाही. त्यासाठी एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून उत्तरांची तुलना करावी लागते. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज असा कार्यक्रम चालविते.

प्रश्न तंत्राइतकाच बाजारपेठेचाही आहे. रुग्णाला दर दिसतो, अचूकता दिसत नाही. गुणवत्ता ओळखता न आल्यास चांगला माल बाजारातून हटतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. नियंत्रण नमुन्यांवर खर्च करणारी प्रयोगशाळा दराच्या स्पर्धेत मागे पडते. राजस्थानने २०१३ मध्ये सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी योजना सुरू केली. त्यामुळे तेथे दराचा प्रश्न मिटला. अचूकतेचा मिटला असे त्यावरून म्हणता येत नाही. ‘एनएबीएल’ ही राष्ट्रीय संस्था आयएसओ १५१८९ या मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देते व त्यासाठी बाह्य पडताळणीतील सहभाग पाहते. पण ही मान्यता मूलतः ऐच्छिक आहे.