उसने घेणे, उसने देणे

इंग्रजीचा अभ्यास घ्यायचा म्हटले, की आपल्यापैकी कितीजणी कचरतात! पण काही नियम आपल्या स्वयंपाकघरातलेच असतात बरं का.

शेजारीण वाटीभर साखर उसनी घेते, आपण उसनी देतो. शब्द एकच, ‘उसनी’. पुढे घेणे-देणे तेवढे बदलते. इंग्रजीत मात्र क्रियापदेच दोन. घेणारी ‘बॉरो’ करते, देणारी ‘लेंड’. म्हणून ‘बॉरो मी युअर पेन’ चूक; ‘लेंड मी युअर पेन’ बरोबर. आपण मागताना ‘मे आय बॉरो युअर पेन?’ म्हणावे. ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याआधी ‘फ्रॉम’, ज्याला द्यायचे त्याच्याआधी ‘टू’. भूतकाळात ‘बॉरोड’, पण ‘लेंट’.

मुलांना साखरेची वाटी आठवायला सांगा. वहीतली लाल रेघ नक्की टळेल, आणि आईलाही इंग्रजी येते हे घरात कळेल!