पंचाच्या निर्णयाची भाषा आणि फुटबॉलचा प्रेक्षक

फुटबॉलच्या पंचास इंग्रजीत ‘रेफरी’ म्हणतात. ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो, असा या शब्दाचा मूळ अर्थ असून एकोणिसाव्या शतकात तो अक्षरशः खरा होता. त्या काळी प्रत्येक संघ आपापला एक ‘अंपायर’ मैदानात उतरवीत असे. या दोघांचे एकमत झाले नाही, म्हणजे बाहेर बसलेल्या तिसऱ्या माणसाकडे प्रश्न जाई. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस मैदानात आला आणि अंपायर हातात निशाण घेऊन सीमारेषेवर गेले. वाद उद्भवण्याची वाट न पाहता निवाडा देण्याचे काम त्याच्याकडे आले. नाव मात्र जुनेच राहिले. (मराठीतील ‘पंच’ शब्दाची कथाही फारशी निराळी नाही. पाच जणांच्या सभेचे नाव एकट्या माणसास लागले, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही.)

२०१८ मध्ये चित्रफीत पाहून साहाय्य करणाऱ्या पंचाची, म्हणजे ‘व्हीएआर’ची, तरतूद नियमावलीत झाली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ती २०१९-२० च्या हंगामापासून स्वीकारली. मैदानाबाहेर पुन्हा एक माणूस बसला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूस झालेली शिक्षा, एवढ्या चारच बाबतींत त्याने लक्ष घालावे व अंतिम निर्णय मैदानावरील पंचाचाच राहावा, अशी तेव्हाची योजना होती.

लीगच्या वतीने २०२४ मध्ये सांगण्यात आले, की पूर्वी शेकडा ८२ असलेले अचूक निर्णयांचे प्रमाण आता ९६ झाले आहे. चुका घटल्या, तर प्रेक्षकांचा रोषही घटावयास हवा होता. परंतु त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या क्लबने ही पद्धती रद्द करण्याचा ठराव मांडला आणि त्यात गोलनंतरचा उत्स्फूर्त आनंद नष्ट होतो, ही तक्रार ठळकपणे नोंदविली. ठराव एकोणीस विरुद्ध एक मताने फेटाळला गेला. नॉर्वेत तर जुलै २०२४ मध्ये या पद्धतीच्या निषेधार्थ प्रेक्षकांनी मैदानावर मासळीच्या वड्या फेकल्या व रोसेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम यांचा सामना सोडून द्यावा लागला.

या रोषाचे कारण चुकांच्या संख्येत शोधणे व्यर्थ होय. ते निर्णयाच्या उच्चारणात आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या आपल्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत निवाडा देणाऱ्या उक्तींचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला आणि पंचाच्या उक्तीस त्यात स्थान दिले. अशी उक्ती वस्तुस्थितीचे केवळ वर्णन करीत नाही. ती उच्चारताच सामन्यातील स्थिती ठरते. फुटबॉलमध्ये हे काम शिटी, निशाण आणि हात करतात, आणि ते हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत होते. निर्णय चुकीचा असला तरी तो सर्वांस एकाच क्षणी कळतो व त्याच क्षणी त्याविरुद्ध ओरडता येते. व्हीएआर आल्यावर हीच उक्ती कानातील यंत्रावरून चाललेल्या खासगी संभाषणात गेली.

तेथे काय घडू शकते, हे ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम व लिव्हरपूल यांच्या सामन्यात दिसले. गोलफलक कोरा असताना लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला; सीमापंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले. चित्रफितीत खेळाडू नियमात असल्याचे दिसत होते, आणि साहाय्यक पंचानेही ते बरोबर ओळखले. परंतु मैदानावर गोल मान्य झाला आहे, अशी त्याची समजूत होती. म्हणून तो ‘चेक कम्प्लीट’ एवढेच म्हणाला. मैदानावरील पंचाने त्याचा अर्थ ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला व खेळ पुन्हा सुरू केला. काही सेकंदांत चूक उमगली. पण खेळ सुरू झाल्यावर असा निर्णय फिरविण्यास नियमाची मुभा नाही. लिव्हरपूलने तो सामना २-१ असा गमावला. येथे दृष्टी चुकली नाही, रेषाही चुकली नाही. ‘तपासणी पूर्ण’ या वाक्यात तपासणीचा निष्कर्षच नाही. तो ऐकणाऱ्याने पूर्वज्ञानातून भरावयाचा असतो, आणि दोघांचे पूर्वज्ञान परस्परविरुद्ध होते. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर इतरांस हे समजले. त्या वेळी मैदानात बसलेल्यांस काहीच ऐकू आले नव्हते.

दुसरी अडचण शब्दार्थाची आहे. साहाय्यकाने मुख्यतः ‘स्पष्ट व उघड’ चूक असेल तरच हस्तक्षेप करावा, असे नियम सांगतो. स्पष्ट कोणास? जी चूक ओळखण्यास चार मिनिटे व सहा कोन लागतात, तिला उघड म्हणणे भाषेस मानवणारे नाही. उलट ऑफसाइड मोजता येतो म्हणून तेथे हे विशेषण लागूच होत नाही. पायाचे बोट पुढे असले तरी गोल रद्द होतो. हाताने चेंडू खेळण्याच्या नियमाची शब्दरचना तर २०१९ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये बदलण्यात आली. मोजमापाचा निर्णय कोणता आणि मताचा कोणता, हा भेद प्रेक्षकास प्रतीक्षेच्या त्या मिनिटांत कळत नाही. दोन्हींची शांतता त्यास सारखीच असते.

८ जानेवारी २०२५ रोजी लीग कपच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा टॉटनहॅमच्याच मैदानावर व पुन्हा लिव्हरपूलविरुद्ध, पंचाने गोल रद्द करण्याचे कारण इंग्लंडमध्ये प्रथमच ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांस सांगितले. कारण ऑफसाइडचे होते, आणि वाक्य अगदी लहान होते.